पुस्तक बदलताना

वाचनालयाच्या व्यवहारासाठी मराठीत जो शब्दप्रयोग रूढ झाला आहे, तो मला नेहमीच फार अर्थपूर्ण वाटत आला आहे. वाचनालयाकडे निघालेला माणूस घरच्यांना 'पुस्तक आणायला जातो' असे सहसा सांगत नाही. 'पुस्तक बदलून येतो' असे म्हणून तो खुंटीवरची पिशवी उचलतो, आणि त्या एका क्रियापदात वाचून झालेल्या पुस्तकाचा निरोप व अद्याप हाती न आलेल्या पुस्तकाची ओढ ही दोन्ही नांदत असतात. केवळ आनंदासाठी वाचावीत अशा जुन्या, नावाजलेल्या मराठी पुस्तकांविषयी लिहावे अशी सूचना या अंकाच्या संपादकांनी केली, तेव्हा घरच्या कपाटासमोर बसून यादी करण्यापेक्षा जिथे पुस्तके प्रत्यक्ष बदलली जातात तिथेच काही दिवस काढावेत असे मनाने घेतले. आणि भाद्रपदातील जवळजवळ तीन आठवडे मी देशावरच्या एका तालुक्याच्या गावी, शंभरी ओलांडलेल्या सार्वजनिक वाचनालयात, सकाळी दार उघडल्यापासून अकरापर्यंत व संध्याकाळी दिवेलागण होईपर्यंत बसून घालविले.

इमारत जुनी, दगडी जोत्याची. खाली देवघेव विभाग व वृत्तपत्रांची लांब टेबले, आणि माडीवर अभ्यासिका. खालच्या खिडकीशी येणारी मंडळी म्हणजे पेन्शनीत निघालेले शिक्षक, दुपारची भांडी आवरून चपला अडकवून आलेल्या गृहिणी, आणि 'वाचनीय असं काही असेल तर द्या' एवढेच मागणे मागणारे एक वृद्ध कंपाउंडर. वर अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आसपासच्या खेड्यांतील मुले-मुली सकाळी सातला येऊन जागा धरतात व रात्री दिवे मालवण्याची वेळ झाली म्हणजेच उठतात. जिना एकच आहे. परंतु वर जाणारी मुले देवघेवीच्या खिडकीकडे मान वळवूनही पाहत नाहीत, याचे मला पहिल्या दिवशी नवल वाटले आणि तिसऱ्या दिवशी दुःख झाले. दिवसाचे बारा-बारा तास ही मुले वाचीत असतात, आणि तरी वाचनाचे सुख म्हणतात ते त्यांच्या वाट्याला येत नाही.

ग्रंथपाल बाईंनी मला कपाटांच्या रांगांत मोकळेपणी फिरू दिले. जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर डिंकाने चिकटवलेली तारखांची चिठ्ठी ही त्या पुस्तकाची जन्मभराची कैफियतच असते. 'स्मृतिचित्रे'च्या प्रतीत अशा चिठ्ठ्या एकीवर एक चिकटवून त्यांचा जाड पुठ्ठाच तयार झाला होता. बांधणी निदान दोनदा बदललेली, आणि मधल्या एका पानावर हळदीचे बोट उमटलेले. स्वयंपाक करता करता, चुलीवरच्या भांड्याकडे एक डोळा ठेवून कुणीतरी ते पान उलटले असावे. याच्या उलट 'माझा प्रवास'च्या प्रतीवरचा शेवटचा शिक्का कोरोनाच्या साथीपूर्वीचा होता, आणि 'गावगाडा' तर कसरीने कडा खाल्लेल्या स्थितीत, तळच्या फळीवर, गॅझेटियरांच्या शेजारी पडून होता. पुस्तकाच्या योग्यतेचा व त्याच्या नशिबाचा मेळ असतोच असे नाही, हे अशा वेळी फार तीव्रतेने जाणवते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद मलाही आहे. तथापि 'अभिजात' या शब्दाने वाचकाच्या मनात प्रथम आदर उत्पन्न होतो, आणि आदर वाटला की माणूस लांबून नमस्कार करतो. जवळ जाऊन बसत नाही. आपल्या थोर ग्रंथांचे नेमके असे झाले आहे. जयंत्या-पुण्यतिथ्यांना त्यांची नावे घेतली जातात, पाठ्यपुस्तकात त्यांचा एखादा उतारा येतो, उताऱ्याखाली स्वाध्याय येतो, आणि ज्या मुलाने तो स्वाध्याय सोडविला तो पुढे आयुष्यभर त्या पुस्तकाच्या वाटेस जात नाही. वास्तविक ज्या नियतकालिकांनी हे वाङ्मय प्रथम लोकांसमोर आणले त्यांची नावे तरी आपण पाहावीत. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये जे साप्ताहिक सुरू केले त्याचे नाव त्यांनी 'करमणूक' असे ठेवले, आणि यमू नावाच्या मुलीच्या तोंडून तिच्या दुर्दैवाची कहाणी सांगणारी 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्याच 'करमणुकी'तून क्रमशः प्रसिद्ध झाली. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली ती 'मनोरंजन' मासिकात. केशवपनासारख्या विषयावर लिहिणाऱ्या, समाजाच्या मर्मावर बोट ठेवणाऱ्या त्या पिढीला करमणूक हा शब्द हलका वाटला नाही. वाचक प्रथम रमला पाहिजे, रमला तरच तो विचार करील, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आणि मीही या लेखात जी पुस्तके सुचविणार आहे, ती पूज्य म्हणून नव्हे, त्यांत मी वर्षानुवर्षे रमलो आहे म्हणून सुचवितो.

दुसऱ्या आठवड्यात अभ्यासिकेतला एक मुलगा पाणी प्यायला खाली आला असता माझ्या टेबलाशी थांबला. मी 'माझा प्रवास' वाचीत होतो. पुस्तक कशाचे, असे त्याने विचारले. सत्तावन्नच्या बंडाचे, असे मी सांगितले. त्यावर तो म्हणाला, "काका, सत्तावन्नची कारणं माझी पाठ आहेत. राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी." त्याच्या स्वरात अभिमान नव्हता, थकवा होता. मी त्याला म्हटले, "मग या गृहस्थांना त्यांतलं एकही कारण ठाऊक नव्हतं. हे घरचं कर्ज फेडायला निघाले होते." तो उभ्या उभ्या दोन पाने वाचून गेला, संध्याकाळी पुन्हा आला, आणि अनामत भरून पुस्तक घेऊन गेला. त्याची हकिकत पुढे येईल.

विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरची स्थिती ओढघस्तीची. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून तिथे विद्वान ब्राह्मणांना चांगली दक्षिणा मिळणार आहे, ही वार्ता कानी आली, तेव्हा आईवडिलांची कशीबशी संमती मिळवून हे तिशीतले भटजी आपल्या काकांसह १८५७ च्या आरंभी पायी निघाले. महूच्या आसपास पोहोचतात तो त्यांना कळते की पलटणी बिघडल्या आहेत, पुढचा मुलूख पेटणार आहे, शहाणे असाल तर मागे फिरा. ते मागे फिरले नाहीत. त्यानंतर ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट असा जो प्रवास घडला, त्यात त्यांनी झाशीचा वेढा आतून पाहिला, शहराची लूट व कत्तल पाहिली, आणि राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा विध्वंसही पाहिला. मिळविलेली दक्षिणा कमरेला बांधावी आणि वाटेत ती लुटली जावी, पुन्हा मिळवावी, पुन्हा जावी, असे एकदा नव्हे अनेकदा झाले. दोन-अडीच वर्षांनी ते घरी परतले तेव्हा द्रव्य जवळजवळ नव्हतेच. खांद्यावर गंगेची कावड मात्र होती.

या पुस्तकाचे सुख कशात आहे म्हणाल, तर सांगणाऱ्याच्या नजरेत. इतिहासकाराला सैन्याच्या हालचाली दिसतात. भटजींना त्या दिवशी शिधा मिळाला की नाही, मुक्काम कोणत्या धर्मशाळेत पडला, राणीसाहेब सकाळी व्यायाम किती करीत, घोड्याची पारख कशी करीत, कोणत्या घरी स्वयंपाकास काय होते, हे सगळे दिसते व आठवते. तोफेचा गोळा शेजारच्या आळीत पडला त्याची हकिकत आणि भोजनाच्या पंक्तीची हकिकत ते एकाच समबुद्धीने सांगतात. त्यातील एक प्रसंग मी कितीदा वाचला असेन त्याची गणती नाही. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी भटजींना काही स्वार भेटतात. धुळीने माखलेला, पुरुषी वेषातला, तहानेने व्याकुळ झालेला त्यांतला एक स्वार म्हणजे प्रत्यक्ष राणी लक्ष्मीबाई. भटजी पुढे होऊन पाणी शेंदू लागतात, तर ती त्यांना थांबविते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही मजसाठी पाणी काढू नये, असे म्हणून स्वतः पाणी शेंदते व ओंजळीने पिते. राज्य गेलेले आहे, पाठीवर शत्रू आहे, घसा कोरडा पडला आहे, आणि अशा क्षणीही त्या स्त्रीच्या तोंडून रीत सुटत नाही. त्या रीतीविषयी आज आपले मत काहीही असो, तो क्षण खरा आहे हे वाचता वाचता अंतःकरणाला पटते, कारण तो सजविण्याची सांगणाऱ्यास इच्छाही नाही व कलाही अवगत नाही.

भटजींनी ही हकिकत १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून लिहून काढली. ती दोन तपे अप्रकाशित राहिली, आणि १९०७ साली वैद्यांनी ती छापली तीही आपल्या समजुतीप्रमाणे बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात होते. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये भटजींचा मूळ मजकूर प्रसिद्ध केला. वाचकाने ही मूळ संहिताच मिळवावी असा माझा आग्रह आहे. सुशिक्षित संपादकाने ज्या वाक्यांना इस्त्री केली, ती वाक्ये मूळच्या चुरगळलेल्या स्थितीतच जिवंत आहेत.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'विषयी ग्रंथपाल बाईंपाशी मी बोललो, तेव्हा त्यांनी सांगितले की या पुस्तकाची शिफारस त्यांना कधीच करावी लागत नाही; एक बाई नेते, आठ दिवसांत परत करते, आणि त्याच दिवशी तिची शेजारीण किंवा जाऊ ते न्यायला येते. "आमच्याकडे हे पुस्तक कपाटात राहातच नाही," असे त्या म्हणाल्या. नव्वद वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला याहून मोठे मानपत्र कोणते असू शकेल? १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र लिहिणारी स्त्री शाळेत गेलेली नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून. पती म्हणजे कवी नारायण वामन टिळक, ज्यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ज्यांच्या त्या एका निर्णयाने या बाईंचा संसार उभा चिरला गेला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर ती पतीकडे आली, जातिभेद हे माणसाचे करणे आहे, देवाचे नव्हे, असा निश्चय स्वतःच्या मनाशी स्वतंत्रपणे करून १९०० साली तिनेही बाप्तिस्मा घेतला.

एवढा मजकूर ऐकून कुणासही वाटेल की हे पुस्तक अश्रूंनी भिजलेले असावे. ते हास्याने भिजलेले आहे. वडिलांचे सोवळ्याचे वेड इतके विकोपास गेलेले की बाजारातून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यावी लागे, आणि त्या धुण्यात लेकरांचे बालपण वाहून जाई, हे ती सांगते. टिळक कुणाच्याही दुःखाने द्रवून घरातील होते नव्हते ते देऊन टाकीत, किंवा घरात काही न बोलता उठून कुठेतरी निघून जात, हे ती सांगते. आणि ते सांगताना कुणावर दोष ठेवीत नाही, कुणाला क्षमा केल्याचा आविर्भावही आणीत नाही. ज्या माणसाने आपल्याला सर्वांत अधिक छळले, त्याच माणसावर आपले निरतिशय प्रेम होते, ही गुंतागुंतीची गोष्ट तिने जितक्या साध्या मराठीत उलगडली आहे तितक्या साधेपणाने ती आमच्या कादंबरीकारांना क्वचितच साधली. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले होते. कवितांच्या पुस्तकातून डोकावणारे बालकवी निराळे, आणि लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात वावरणारा हा हट्टी, लाघवी ठोमरे निराळा. हे पुस्तक एकट्याने वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचावे. आमच्या घरी आई ते वाचीत असे, आणि समोर तांदूळ निवडणाऱ्या मावशीच्या हातातले सूप वाक्यावाक्याला थांबत असे.

आता तळच्या फळीवरचा 'गावगाडा'. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ ज्याने आनंदासाठी वाचला आहे असा माणूस मला विरळाच भेटतो, आणि म्हणूनच त्याच्याविषयी थोडे अधिक लिहितो. पाटील-कुलकर्ण्यांचे वतन, बलुतेदार-अलुतेदारांचे हक्क, खळ्यावर धान्याची रास पडल्यापासून ती कुणब्याच्या घरात जाईपर्यंत तिच्यावर कोण कोण हात मारतो, गावात येणारे फिरस्ते, जत्रा, बाजार, सण, कज्जे, असा साऱ्या मराठी गावाचा जमाखर्च आत्र्यांनी मांडला आहे. भाषा कचेरीच्या दप्तरातली. पण ते दप्तर गावच्या चावडीत बसून लिहिलेले. रयत, सनद, सारा, तगाई, खंड, इनाम, वहिवाट, कारसाई हे शब्द आज कोशात शोधावे लागतात, आणि इथे ते बैलगाडीच्या चाकासारखे कुरकुरत चालताना दिसतात. एका शब्दामागे एक धंदा, एका धंद्यामागे एक घर, एका घरामागे एक भांडण असा हा पसारा आहे. ज्याला मराठी शब्दांची आवड आहे त्याने कोणतेही पान उघडावे. पहिल्यापासून वाचण्याची मुळीच आवश्यकता नाही.

तथापि हा ग्रंथ एकटा वाचू नये. आत्र्यांची दृष्टी सूक्ष्म आहे, कुणब्याविषयीची त्यांची कळकळ खरी आहे. परंतु ते गावाकडे पाहतात ते ओट्यावरून. फिरस्त्या जमातींविषयी त्यांनी लिहिले आहे ते आज वाचवत नाही, आणि ज्या बलुत्याचा हिशेब ते मांडतात ते बलुते मागायला दारोदार जाणाऱ्या माणसाच्या पोटात त्या वेळी काय होत असे, हे त्यांच्या हिशेबात येत नाही. ते येण्यासाठी मराठीला १९७८ पर्यंत थांबावे लागले. दया पवारांचे 'बलुतं' हे त्या जुन्या जमाखर्चाचे दुसरे पान होय. आठवडाभर 'गावगाडा' चाळावा आणि मग 'बलुतं' हाती घ्यावे. धामणगावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना यांच्यामध्ये फरफटलेला दगडू मारुती पवार जेव्हा बोलू लागतो, तेव्हा आधीच्या पुस्तकातील प्रत्येक नामाला डोळे फुटतात. दोन पुस्तके एकमेकांशी अशी बोलू लागली म्हणजे वाचकास जो आनंद होतो तो सुखद असतोच असे नाही. पण त्याच्याइतका खोल आनंद वाचनात मला दुसरा आढळला नाही. याच न्यायाने दुर्गाबाई भागवतांचे 'व्यासपर्व' व इरावती कर्व्यांचे 'युगान्त' ही पाठोपाठ वाचावीत. १९६२ आणि १९६७, पाच वर्षांच्या अंतराने दोन विदुषींनी एकाच महाभारताकडे पाहिले, आणि एकीला जिथे व्यासांची करुणा दिसली तिथे दुसरीला माणसांच्या निष्फळ धडपडीचा कठोर ताळेबंद दिसला. कोणती खरी, हे ठरविण्याची घाई करू नये.

'लीळाचरित्रा'ची भीती मात्र वाचकांच्या मनातून कशी काढावी हा प्रश्नच आहे. तेराव्या शतकातील मराठी म्हटले की लोक हात जोडतात. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे, ही गोष्ट ज्याने आजीच्या मांडीवर ऐकली नाही असा मराठी माणूस नसेल. ती गोष्ट चिमणीऐवजी साळईच्या नावाने 'लीळाचरित्रा'त आहे, आणि ती एका लेकराला सांगत आहेत ते स्वतः चक्रधरस्वामी. म्हणजे सातशेहून अधिक वर्षे जी गोष्ट आपण तोंडातोंडी सांभाळली, तिचे लेखी रूप म्हाइंभटांनी त्याच वेळी करून ठेवले होते. महानुभावांनी हे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून मठांतून जपले, त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते बाहेरच्या मराठी माणसाच्या दृष्टीस पडले नाहीत, हे त्यांचे दुर्दैव आणि त्यांचे रक्षणही. विष्णु भिकाजी कोलते यांची प्रत हाती घ्यावी, आणि दिवसाला एक लीळा, मोठ्याने, ओठ हलवून वाचावी. एकेक लीळा चार-दहा ओळींची. शब्द अडला तर पुढे जावे. आठव्या-दहाव्या दिवशी कान सरावतो, आणि मग भिक्षा मागणारे, रुसणारे, हट्ट करणारे, स्वामींना भाबडे प्रश्न विचारणारे ते शिष्य आपल्याच आळीतले वाटू लागतात.

पुस्तकाचा प्रभाव कोणावर कसा पडेल याचा नेम नसतो. गोव्यातील साखवाळ गावी १८७६ मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींना बुद्धाची पहिली ओळख झाली ती 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातल्या एका लेखाने. ओळखीचे पुढे वेड झाले, आणि १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यात संस्कृत, काशीत अन्नछत्रात जेवून पुन्हा संस्कृत, तिथून नेपाळ, बुद्धगया, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा तो अनवाणी विद्यार्थी हिंडला, आणि अखेर पाली विद्येचा आचार्य होऊन अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठापर्यंत पोहोचला. ही सारी वाटचाल त्यांनी 'निवेदन' या आत्मवृत्तात ज्या अलिप्त, स्वच्छ मराठीत सांगितली आहे ती वाचताना उन्हाळ्यात माठातले पाणी प्यावे तसे वाटते. उपासमार, निराशा, अपमान यांपैकी काहीही ते लपवीत नाहीत, आणि कशाचेही भांडवल करीत नाहीत. मराठीतील जी चार-सहा आत्मवृत्ते मी कुणाही तरुणाच्या हाती निःशंकपणे देईन, त्यांत हे पहिले.

आणि याच संदर्भात एका बागेचे स्मरण होते. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी एक शाळकरी मुलगा पुस्तक वाचीत बसलेला असे. कृष्णराव अर्जुन केळूसकर या शिक्षकांचे लक्ष त्याच्याकडे गेले आणि ते त्याला वाचावयास पुस्तके देऊ लागले. १९०७ मध्ये तो मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या अभिनंदनाच्या सभेत केळूसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्याला भेट दिले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. या घटनेची अखेर १९५६ साली नागपुरात काय झाली ते सर्वांना विदित आहे. मला मात्र तिचा आरंभ अधिक हलवून सोडतो. बागेतील बाकावर बसून, परीक्षेत नसलेले पुस्तक वाचणारा मुलगा, आणि त्याला हटकण्याऐवजी दुसरे पुस्तक देणारा शिक्षक.

बाकीची नावे भराभर सांगून टाकतो, कारण ती सांगण्यासाठी फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. ताराबाई शिंद्यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे १८८२ चे पुस्तक एका बैठकीत वाचून होते. रागाने लिहिलेले इतके प्रवाही मराठी गद्य दुसरे नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पावसाळ्याच्या तोंडाशी वाचावी, म्हणजे माणदेशातला दुष्काळ व ओस पडत जाणारी ती धनगरांची वाडी यांचा अर्थ अंगात भिनतो. दुर्गाबाईंचे 'ऋतुचक्र' एकदम वाचूच नये. चैत्राचा लेख चैत्रात, आश्विनाचा आश्विनात, अशा क्रमाने वर्षभर पुरवावे. बखरींत 'भाऊसाहेबांची बखर' प्रथम घ्यावी. तिचा इतिहास तपासण्याचे काम इतिहासकारांनी पूर्वीच केले आहे. आपण तिची फारसीमिश्रित, दौडत जाणारी वाक्ये ऐकावीत, आणि पानिपताच्या दिवशी एका समाजाची छाती कशी फुटली ते पाहावे.

माझा मुक्काम हलविण्याच्या आदल्या दिवशी मी देवघेवीच्या खिडकीशी बसलो होतो. अभ्यासिकेतला तो मुलगा जिना उतरून आला. मुदत उलटून चार दिवस झाले होते, आणि बाईंनी नोंदवही उघडून त्याच्याकडे पाहिले.

"मॅडम, पुस्तक गावाकडे आहे," तो म्हणाला. "माझं वाचून झालंय. रविवारी घरी नेलं होतं, ते आण्णांनी घेतलं. त्यांना डोळ्यांचं कमी दिसतं, म्हणून रात्री आई दिवा धरते आणि ते एक एक ओळ वाचतात. वाड्यावरची दोघं-तिघंही येऊन बसतात."

"मग कधी आणतोस?"

मुलाने जरा विचार केला. "अजून आठ दिवस द्या, मॅडम. काल फोन केला होता. झाशी अजून पडायची आहे."

बाईंनी शिक्क्यावरची तारीख आठ दिवसांनी पुढे फिरविली, पुस्तक समोर नसल्यामुळे नोंदवहीतच त्याच्या नावापुढे शिक्का उमटविला, आणि कंपाउंडरकाकांकडे वळून विचारले, "बोला, तुम्हाला काय देऊ?"